तिसरी किल्ली कुणाकडे?

"मॅडम, घर झालं. आता आनंद व्हायला पाहिजे ना? मग छातीत धडधड का होते?"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की फोनवर समोरचा "घर" म्हणून जरा थांबला की पुढचं मला पाठ असतं. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, यांच्या मागेपुढे असे फोन वाढतात. मुहूर्तावर ताबा मिळतो, पेढे वाटून होतात, व्हॉट्सअ‍ॅपवर किल्लीचा फोटो जातो, अभिनंदनाचा पाऊस पडतो. पंधरा दिवसांनी त्यातलंच कुणीतरी दादरच्या माझ्या छोट्या समुपदेशनाच्या खोलीत येऊन बसतं. कुणाची झोप उडालीय, कुणाचं पोट बिघडलंय, कुणी पडद्यांच्या रंगावरून नवऱ्याशी आठ दिवस बोललेली नाही. वर सगळ्यांना एकच शरम असते: लोकांना मुंबईत डोकं टेकायला जागा मिळत नाही आणि आपण रडतोय.

ही शरम उतरावी म्हणून मी एक जुनी यादी दाखवते. १९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या ४३ घटना घेऊन प्रत्येकीला ताणाचे गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, लग्न ५०. मोठं कर्ज, म्हणजे गृहकर्जासारखं, ३१. राहती जागा बदलणं २०. शेवटच्या दोहोंची बेरीज ५१, लग्नापेक्षा एक गुण जास्त! त्या यादीत नाताळसुद्धा आहे, १२ गुणांचा. त्या दोघांनी आपली एखादी वास्तुशांत पाहिली असती तर तिला किती दिले असते कोण जाणे. लोक हसतात आणि खांदे थोडे खाली येतात. शरीराला बरा बदल आणि वाईट बदल यातला फरक फारसा कळत नाही, एवढं त्यांना पटतं.

यादीत आणखी एक ओळ आहे: मुलगा किंवा मुलगी घर सोडून जाणं, २९. ती मी पूर्वी वाचून दाखवत नसे. ते गुण समोर बसलेल्याचे नसतात, मागे राहिलेल्यांचे असतात. आता दाखवते. का, ते प्रसाद आणि स्नेहलच्या गोष्टीत येईल. (नावं अर्थातच बदललीत, काही तपशील दुसऱ्या घरांचे आहेत, आणि छापण्याआधी सगळ्यांनी हे वाचलंय.)

प्रसाद पहिल्यांदा एकटाच आला. वय ३६, एका औषध कंपनीत नोकरी. लालबागच्या चाळीत दहा बाय अठराच्या खोलीत आई, नाना, धाकटा भाऊ, बायको आणि चार वर्षांची मुलगी. बदलापूरला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला होता. ताबा मिळाला होता, जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत राहायला जायचं ठरलं होतं.

"रात्री तीनला उठतो," तो म्हणाला. "मोबाइलवर एक्सेल उघडतो."

"आणि?"

"बघतो."

"काय बघता?"

त्याने फोन माझ्यापुढे धरला. चाळीस लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता चौतीस हजार सातशे. पहिल्या हप्त्यातले अठ्ठावीस हजार तीनशे नुसतं व्याज, मुद्दल जेमतेम सहा हजार चारशे. सगळ्यात खाली लाल रंगात एकूण परतफेड: त्र्याऐंशी लाख. बांधकाम चालू असताना बँकेला फक्त व्याज जात होतं, आता पुरा हप्ता सुरू होणार होता.

"आकडे बदलतात का रात्री?"

"नाही."

"मग तीनला काय तपासता?"

तो हसला, पण उत्तर दिलं नाही. तेव्हा मला वाटलं, त्याच्याकडे उत्तर नाही. मी कर्जाच्या वाटेने पुढे गेले, कारण ती वाट समोर स्वच्छ दिसत होती. नाना गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा त्यांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, त्यातले हे एक. आईच्या पाटल्या गहाण पडल्या, त्या सुटायला सात वर्षं गेली. त्या घरात "कर्ज" हा शब्द आवाज खाली करून उच्चारला जाई. असा मुलगा चाळीस लाखांवर सही करतो तेव्हा त्याच्या हातातून फक्त त्याचाच हात लिहीत नसतो.

यावर जे करायचं ते आम्ही केलं. ते उपयोगी आहे म्हणून इथे सांगते. हप्ता सुरू व्हायला दोन महिने होते. मी म्हटलं, आजपासूनच तो भरा. चौतीस हजार सातशे, वर सोसायटीचा देखभाल खर्च, दोघांचे रेल्वे पास, वीज, एवढी रक्कम पगाराच्या दिवशी वेगळ्या खात्यात टाका आणि उरलेल्यात महिना काढा. पहिल्या महिन्यात पंचवीस तारखेलाच पैसे संपले. दुसऱ्या महिन्यात निभावलं. कर्ज झेपेल की नाही याचं उत्तर एक्सेल देत नाही, महिनाअखेर देते. भीतीला अशी तालीम दिली की तिचा आवाज खाली येतो.

प्रसादचाही आला. पण तीनला जाग येणं थांबलं नाही.

मला ते खटकायला हवं होतं.

पुढच्या वेळी तो स्नेहलला घेऊन आला. दोघं खुर्च्यांवर बसली आणि मधे एका माणसाची जागा सोडली. जोडपी कुठे बसतात हे मी बोलण्याआधी बघते. बावीस वर्षांत याने मला क्वचित फसवलंय.

"भांडण कशावरून झालं?"

"कुकरवरून," प्रसाद म्हणाला.

"किल्लीवरून," स्नेहल म्हणाली.

ताबा देताना बिल्डरने एका पाकिटात तीन किल्ल्या दिल्या होत्या. एक प्रसादची, एक स्नेहलची. तिसरी प्रसादने त्याच संध्याकाळी आईच्या हातावर ठेवली. पाया पडला, आईने ती देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहिलं. स्नेहल नोकरीवरून परतली, देवाला हात जोडायला गेली आणि तिला बाळकृष्णाच्या शेजारी आपल्या घराची किल्ली दिसली. बारा दिवस ती काही बोलली नाही. तेराव्या दिवशी सामान बांधताना, मोठा कुकर न्यायचा की लहान यावरून सगळं बाहेर आलं.

"विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं का?" ती त्याला म्हणाली.

"मग विचारण्यात काय फरक पडला असता?"

ज्या नवऱ्यांना हा फरक खरंच दिसत नाही त्यांच्यासाठी हा लेख इथे संपला तरी चालेल. असो.

"आईच्या पाटल्या मोडून, स्वतःचे भरायच्या दहा लाखांतले चार लाख उभे केले आम्ही," प्रसाद माझ्याकडे वळून म्हणाला. "संपात गहाण पडलेल्या, त्याच. त्या घरात तिच्या पाटल्या आहेत मॅडम. तिला साधी किल्लीपण द्यायची नाही?"

स्नेहल गप्प. पाटल्यांपुढे कोण बोलणार?

इथे माझी चूक झाली. माझं शिक्षण सांगतं की नवं घर मांडताना नवरा-बायकोने आधी आपल्या दोघांची चौकट पक्की करावी, बाकीची नाती त्या चौकटीशी जोडावीत. मी तसं मानते, आजही. तर मी कागद घेतला, एक वर्तुळ काढलं, त्यात दोघांची नावं लिहिली. तिसरी किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवा, म्हटलं, तातडीला उपयोगी पडेल आणि कुणाचं मनही दुखणार नाही.

प्रसादने तो कागद बराच वेळ पाहिला. "यात आई कुठे?"

"बाहेर. पण जवळ."

त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि पुढच्या दोन वेळा तो आलाच नाही.

स्नेहल मात्र आली. पंख्याखालची खुर्ची घेतली, पर्स मांडीवर घट्ट धरली.

"मी वाईट आहे का हो मॅडम?"

"कशावरून?"

"आई चांगल्या आहेत. खरंच. माझ्या बाळंतपणात दोन महिने त्या गॅलरीत झोपल्या, मला खोली मिळावी म्हणून. आता मी त्यांना किल्ली नाकारते."

"किल्ली गेली तर काय होईल असं वाटतं?"

तिला शब्द सापडायला वेळ लागला. मी घाई केली नाही.

"सहा वर्षं झाली लग्नाला," ती म्हणाली. "सहा वर्षांत मी एकदाही दार लावून बसलेले नाही. साडी बदलायची तर मोरीत. रडायचं तर नळ सोडून. चाळीत दिवसा दार लावलं की शेजारच्या विचारतात, बरं नाही का गं? मला कुणाला बाहेर ठेवायचं नाहीये. मला फक्त दार लावायचंय. लावलं की ते लागलेलं राहील, एवढंच. कुणाकडे किल्ली असली की ते लागलेलं नसतं ना."

"हे आईंना सांगितलंय?"

"कसं सांगणार? त्यांना वाटेल तोंडावर लावतेय."

त्या रात्री मी प्रसादला फोन केला, येत का नाही विचारायला. त्यातून तोही बोलला. "आईला विचारायचं काय त्यात? तिला किल्ली हवीच असणार."

फोन ठेवल्यावर मी माझ्या वहीत दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिली. *त्यांना वाटेल. तिला हवीच असणार.* दोघांनाही आईच्या मनातलं पक्कं ठाऊक होतं. एक आईचा वकील, दुसरी आईला घाबरणारी, मीही माझ्या वर्तुळासकट आईचा निकाल लावून बसलेली. आणि आईला कुणी विचारलेलंच नव्हतं. वहीतल्या त्या पानावर मी लाल पेनाने स्वतःसाठी एक शेरा मारलाय, तो इथे छापण्यासारखा नाही.

आईंना बोलावलं. त्या एकट्याच आल्या, बसने. हातात प्लॅस्टिकची फाइल: रक्तदाबाचे रिपोर्ट, साखरेचे रिपोर्ट, एक जुना ईसीजी. "प्रसाद म्हणाला मॅडमनी बोलावलंय. म्हटलं डॉक्टर आहेत तर कागद असावेत." मी कागद नीट पाहिले. नाही पाहिले असते तर त्यांना वाईट वाटलं असतं. प्रसाद आणि स्नेहल तोपर्यंत पोचले होते. या वेळी मधली खुर्ची रिकामी नव्हती, तिच्यावर आई होत्या.

"आई, नव्या घराची किल्ली तुमच्याकडे आहे ना?"

"आहे." त्यांनी पर्स उघडली. देवळातल्या अंगाऱ्याच्या पुडीचा कागद, त्यात गुंडाळलेली किल्ली. ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि बोटाने माझ्याकडे सरकवली. "ही तुम्हीच ठेवून घ्या बाई. हिच्यापायी मला झोप नाही."

प्रसाद उठायलाच आला. मी हाताने त्याला थांबवलं.

"झोप का नाही?"

"चाळीत आमच्या दाराला दिवसा कडी नसते. रात्रीची एक कडी, तीही आतून. किल्ली घेऊन हिंडायची मला सवय नाही. कुठे ठेवली, हरवली तर, कुणी उचलली तर. रात्री दोनदा उठून देव्हाऱ्यात हात घालून बघते, आहे ना."

म्हणजे त्या दहा बाय अठराच्या खोलीत रात्री मुलगा एक्सेल बघत होता, आई देव्हारा चाचपत होती आणि सून डोळे मिटून जागी होती. तिघंही तीन हातांवर, आणि एकमेकांना कळू नये म्हणून श्वास सावकाश घेत.

"मग परत का नाही केलीत?"

"पोराने पाया पडून दिली. परत कशी करू? त्याला वाटलं असतं, आईला घर आवडलं नाही."

"आई, पाटल्या..." प्रसाद म्हणाला.

"पाटल्या काय? त्या तुझ्या मुलीला पंख्याखाली झोपायला मिळावं म्हणून मोडल्या. किल्लीचं भाडं म्हणून नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. मी त्यांना विचारलं नव्हतं, पण त्या आता थांबणार नव्हत्या, आणि अशा वेळी गप्प बसणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम असतं. "मी एक सांगू का? त्या घराला बेल आहे. प्रसाद दाखवायला घेऊन गेला तेव्हा मी पाहिली, पांढरं बटण आहे. मला ती वाजवायचीय. लग्न होऊन लालबागला आले तेव्हापासून आमचं दार उघडं. येणाऱ्याला पाणी मी द्यायचं, चहा मी टाकायचा, बस म्हणायचं मी. मला कुणी 'या, बसा' म्हटलेलं नाही. माहेर भाऊ गेला तसं संपलं. एकदा मी बेल वाजवीन, ही आतून येईल, दार उघडेल, आणि म्हणेल, आई, या. माझ्याजवळ किल्ली असली तर कोण कशाला उठेल दार उघडायला?"

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. स्नेहल रडत होती, या वेळी नळ न सोडता. ती बऱ्याच वेळाने म्हणाली, "आई, मला दार लावायचं होतं." आई तिच्याकडे बघून सहज म्हणाल्या, "मग लाव की. लावल्याशिवाय मी बेल कशी वाजवू?"

मी बावीस वर्षं हे काम करते. जे वाक्य शोधायला मला चार बैठका आणि एक चुकलेलं वर्तुळ लागलं ते सातवी शिकलेल्या बाईने पर्स बंद करता करता म्हटलं. माझं श्रेय एवढंच की मी त्यांना बोलावलं. ते मात्र मी सोडणार नाही. घर बदलणाऱ्यांच्या बाबतीत जो माणूस खोलीत नसतो त्याच्यावरूनच भांडण चाललेलं असतं, हे मी त्यानंतर पुन्हा पुन्हा पाहिलंय.

आणि प्रसादची तीनची जाग? तिचं उत्तर मला परतीच्या लोकलमध्ये मिळालं. बँकेचा हप्ता त्याने मला पहिल्याच दिवशी दाखवला होता. दुसरा एक हप्ता त्याच्या एक्सेलमध्ये नव्हता, कारण त्याला रकाना नाही. आई-नानांना त्या खोलीत ठेवून आपण दोन बेडरूममध्ये जातोय, याचा. किल्ली हा त्याने भरलेला पहिला हप्ता होता. म्हणून ती देताना त्याने कुणाला विचारलं नाही. देणं फेडताना माणूस परवानगी घेत नाही. पुढच्या भेटीत मी त्याला हे सांगितलं. त्याने बराच वेळ टेबलावरच्या पेपरवेटशी खेळ केला आणि विचारलं, "ते फिटतं कसं?"

"आईंना काय हवंय ते विचारून. तुम्ही ठरवून दिलेलं त्या खात्यात जमा होत नाही."

तेव्हापासून पहिल्या घरात जाणाऱ्या कुणालाही मी रंग, फर्निचर, मुहूर्त यांच्या आधी काही गोष्टी विचारायला लावते. घरात येताना बेल कोण वाजवणार आणि किल्ली लावून कोण येणार? यावर नवरा-बायकोने वेगवेगळ्या कागदावर नावं लिहायची आणि मग कागद अदलाबदल करायचे. हसण्यावारी नेऊ नका, अर्ध्या तासात जे समजतं ते एरवी पाच वर्षांच्या दिवाळ्या खाऊन समजतं. बायकोची आई येईल तेव्हा किती दिवस राहील, आणि नवऱ्याची? दोन्ही उत्तरं सारखी आहेत का? ज्याच्या मनातलं तुम्हाला "माहीत आहे" त्याला तुम्ही शेवटचं कधी विचारलंत? आणि मागे राहणाऱ्यांना तुमच्या जाण्याने नक्की काय कमी पडणार आहे? भाकरी थापणारी, औषधं आणून देणारा, की रात्री नऊची मालिका बघताना शेजारी बसणारी नात? प्रसादच्या घरी ते शेवटचं होतं. मग रोज रात्री पावणेनऊला व्हिडिओ कॉल ठरला. नाना फोन टीव्हीसमोर उभा करून ठेवतात आणि दोन्हीकडे एकच मालिका चालते. नात बहुतेक वेळा पहिल्या जाहिरातीतच पळून जाते, पण फोन चालू राहतो.

मुलांकडे थोडं वेगळं लक्ष द्या. चाळीत वाढलेलं मूल बंद दारांच्या जिन्यात पहिल्यांदा येतं तेव्हा घाबरतं. स्नेहलच्या मुलीने नवं घर पाहून विचारलं होतं, "इथली माणसं कुठे गेली?" तिला जाण्याआधी तीन-चार वेळा नेलं, सोसायटीच्या बागेत खेळू दिलं, एक खोकं तिचं तिने भरलं. पहिल्या रात्री जुनीच चादर, न धुतलेली. आईला ते रुचलं नाही, पण वासासाठी ते लागतं.

आता थोडं माझ्या क्षेत्राबाहेरचं. पण निम्मी काळजी तिथेच असते, आणि ती समुपदेशनाने जात नाही, फेरफटक्याने जाते. ज्या काळजीला लिहून काढता येतं तिचं काम होतं. जी लिहिता येत नाही तिच्यासाठी माझ्यासारखी माणसं. तेव्हा एक वही करा. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला हरकत नाही असा सरकारी दाखला, आलंय का, ते डोळ्यांनी बघा. त्याशिवाय राहायला जाण्याची घाई करू नका, मुहूर्त कितीही चांगला असो. ताबा घेताना बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता आणि ते जाळीकडे वाहतं की दाराकडे ते पाहा. प्रत्येक नळ, प्रत्येक बटण, प्रत्येक खिडकीची कडी. घर एकदा रात्री आणि जमलं तर एकदा पावसात बघा. जे सापडेल ते लिहून बिल्डरला द्या, तोंडी नको. घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी झालेल्या २०१६ च्या रेरा कायद्यात आहे की ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो तीस दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा. प्रसादने बेडरूमच्या भिंतीतली ओल अशीच लेखी कळवली आणि त्या रात्री सलग सहा तास झोपला. ओल जायला पुढे महिना लागला, पण ती तेव्हा वहीत होती, डोक्यात नव्हती.

दाराच्या लॅचचं आतलं सिलिंडर बदलून घ्या. रंगारी, सुतार, प्लंबर, सगळ्यांच्या हातून ती किल्ली फिरलेली असते. आणि चाळीतून किंवा जुन्या घरातून येणाऱ्यांना खास सांगते: लॅचचं दार ओढलं की लागतं. कचरा ठेवायला बाहेर आलात आणि वाऱ्याने दार बंद झालं, आत गॅसवर दूध, अशी एक तरी बाई प्रत्येक नव्या सोसायटीत असते. म्हणून तिसरी किल्ली हवीच, पण ती भावनेच्या माणसाकडे नको, जवळच्या माणसाकडे हवी. पायी दोन मिनिटांवर राहणाऱ्या.

वास्तुशांत आणि राहायला जाणं एकाच दिवशी करायचा अट्टहास सोडा. पूजा मुहूर्तावर होऊ दे, दूध उतू जाऊ दे. पण पहिला मुक्काम पाणी, वीज, गॅस तिन्ही सुरू झाल्यावरच. एक पिशवी शेवटी भरा आणि ती ट्रकमध्ये टाकू नका, हातात न्या: देव, चहा-साखर, एक पातेलं, चार कप, औषधं, चार्जर, बल्ब, टेस्टर, कात्री. कात्री विसरलात तर खोकी दाताने उघडाल. फर्निचरसाठी वेगळं कर्ज काढू नका, क्रेडिट कार्डावर तर मुळीच नको. चार महिने रिकाम्या घरात राहा. ऊन कुठून येतं, बसणं कुठे होतं, वाद कुठल्या कोपऱ्यात होतात हे कळलं की मग सुतार बोलवा. आणि बाजूला सहा हप्ते साठेपर्यंत सोफा नको. सतरंजीवर पाहुणे जास्त वेळ बसतात, हा माझा अनुभव.

जुन्या घरातून काय न्यायचं हे घरातल्या मोठ्यांना विचारल्याशिवाय ठरवू नका, आणि त्यांनी दिलेलं सगळंच न्यायलाही हवं असं नाही. स्नेहलने पितळी परात घेतली, पाट नाकारले. आई दोन दिवस रुसल्या, तिसऱ्या दिवशी पाट शेजारणीला दिले. रुसू द्यावं माणसांना. रुसवा हा निरोपाचाच भाग असतो. तो टाळायला गेलात की माणसं शिष्टाचारावर येतात, आणि मग खरी लांब जातात.

प्रसाद-स्नेहल मेच्या शेवटच्या आठवड्यात राहायला गेली. तिसरी किल्ली खालच्या मजल्यावरच्या एका निवृत्त शिक्षिकेकडे आहे. पहिल्या महिन्यात ती दोनदा वापरली गेली, दोन्ही वेळा कचऱ्याची बादली कारण ठरली.

वास्तुशांतीचा दिवस मला स्नेहलने फोनवर सांगितला. सकाळपासून दार सताड उघडं होतं. गुरुजी आत, हवनाचा धूर बाहेर, चाळीतली निम्मी माणसं जिन्यात चपला काढत होती. आई आणि नाना पहाटेची लोकल धरून आले, दादरला गाडी बदलून. आईंच्या हातात लालबागच्या गल्लीतून दळून आणलेल्या वर्षाच्या मसाल्याची बरणी. नाना थेट आत गेले आणि खिडकीशी बसले. आई उंबऱ्याबाहेर थांबल्या.

"आई, या ना, गुरुजी थांबलेत," प्रसादने आतून हाक मारली.

"थांबू देत. आधी दार लाव."

गुरुजींनी मंत्र थांबवून वर पाहिलं. कुणाला काही कळेना. स्नेहलला कळलं. हातातली फुलांची परडी नणंदेकडे देऊन ती उठली, दाराशी गेली, आणि सासूच्या डोळ्यांत बघून तिने दार लावलं. लॅच टक करून बसला.

मग बेल वाजली.

"कोण आहे?" स्नेहलने आतून विचारलं.

"मी," बाहेरून आवाज आला. "लालबागहून आलेय."